झाकणावरचे तीन ठिपके

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या गाडीचं इंजिनावरचं झाकण भाऊजींनी पॉलिश करून पाठवलं, ते काल पोचलं. आधी त्याच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. आलं ते असं, की त्यात बघून दाढी करावी.

पुढचं लिहू की नको, हे सकाळपासून तीनदा ठरवून झालं. ताई, हे झाकण आपलं नसावं. गॅरेजवाल्यांनी बदलाबदली करू नये म्हणून बाबांनी आतल्या कडेला खिळा ठोकून तीन ठिपके काढले होते. ते नाहीत. पाठवण्याआधी मी घरच्या काट्यावर वजन केलं होतं. आता पन्नास ग्रॅम कमी भरतं. शिवाय त्याच कडेला बोटाएवढी जागा पॉलिशविना मळकट राहिली आहे. भाऊजींच्या हातून असं अर्धवट काम?

त्यांच्यावर माझा आळ नाही. (खरं सांगायचं तर थोडा आहे.) त्यांच्या नकळत वर्कशॉपात एकदा नजर टाकशील?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा
धाकटा

९ मार्च
चि. शंकेखोरास,
अनेक आशीर्वाद.

प्रुफं तपासून तपासून तुला आता माणसांतही चुका दिसायला लागल्या! तुझे भाऊजी दोन दिवस ते झाकण घेऊन बसले होते. आधी वॉटर पेपरने घासणं, मग बफच्या चाकावर चकाकवणं. नाकाचा शेंडा चंदेरी झाला तरी उठेनात. जेवायला हाका मारून मी थकले.

हे तोऱ्यात लिहिलं खरं, पण तुझ्या पत्राने मलाही चैन पडेना. हे बाहेर गेलेले बघून मी वर्कशॉपात शिरले. मागच्या फळीवर, पोत्याखाली, अगदी तसंच दुसरं झाकण होतं! हातात घेते तोच हे दारात. काय शोधतेस म्हणाले. मला खोटं बोलता येईना. तुझं पत्रच पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि इतकंच विचारलं, की पाठवण्याआधी धाकट्याने त्याला काही लावलं होतं का. दुसऱ्या झाकणाबद्दल चकार शब्द नाही. तेव्हापासून घरात बोलणं हो-नाहीपुरतं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी आता कोणाचं खरं मानू?

लवकर लिही, जीव टांगणीला लागलाय.
तुझी
ताई

१४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचा प्रश्न वाचून डायरी काढली. चौदा जानेवारीला वजनाखालीच लिहिलंय: ‘मोरी साफ करायच्या कॉस्टिक सोड्यात झाकण अर्धा तास बुडवलं. फसफसलं, काळं पडलं. पुसून बांधलं. भाऊजींना सांगायची लाज वाटते.’ वजन मी नीट लक्षात ठेवलं आणि हे सोयीने विसरलो.

खात्री करायला काल एका जुन्या ॲल्युमिनियमच्या चमच्यावर खिळ्याने तीन ठिपके ठोकले आणि तो तसल्याच सोड्याच्या पाण्यात टाकला. अर्ध्या तासात ठिपके गुळगुळीत. बाबांचे ठिपके मीच पुसले, ताई. आणि आळ तुझ्या घरात नेऊन ठेवला. हे पत्र भाऊजींना दे. तोंडाने माफी मागायला पुढच्या रविवारी येतो.

दार उघडशील एवढा लोभ ठेव.
तुझा
धाकटा

१९ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. तुझी ताई समोर बसून लिहून घेते आहे, म्हणजे आता माझ्याशी बोलते आहे हे कळलं असेलच.

पार्सल उघडलं तेव्हाच ओळखलं. सोड्याने काळं पडलेलं ॲल्युमिनियम लपत नाही. तुझ्या हातून झालं हे तुला कळून काय साधणार होतं, म्हणून गप्प राहिलो. सोड्याने धातू खाल्ला, तुझे पन्नास ग्रॅम त्यातच गेले; कड पातळ झाली आहे. उद्या तेल गळायला लागलं तर हाताशी असू दे, म्हणून भंगारातून ते दुसरं झाकण तुझ्यासाठीच आणून ठेवलं.

सासरेबुवांनी ते ठिपके माझ्याच वर्कशॉपात ठोकले होते, माझ्यासमोर. तेव्हा मी नवा जावई होतो. गॅरेजवाला म्हणजे मीच. पुढे वीस वर्षं त्यांनी गाडी दुसऱ्या कोणाकडे नेली नाही.

ती मळकट जागा टॉर्च आडवा धरून बघ. तिसरा ठिपका पुसट आहे, पण आहे. त्यावरून चाक फिरवायला माझा हात धजला नाही.

रविवारी ये. लोभ आहेच, तो तेवढा काट्यावर घालू नकोस.
भाऊजी