बावीस कुंड्या आणि हिरव्या विटा

३ मार्च, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. शोध लागल्यावर लोक सुरुवातीच्या नोंदी मागतात, तेव्हा शोधाशोध नको.

कारखान्यात नळांना चकाकी चढवली की क्रोमियमचं पिवळं पाणी उरतं. विषारी. आम्ही त्यात औषध घालून ते हिरवं करतो, चुना टाकतो, गाळ खाली बसतो. हिरवा गाळ निरुपद्रवी. पण पिंपांत पडून नुसता जागा अडवतो. मी त्यात माती कालवून विटा करणार.

ही तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली त्याला चाळीस दिवस झाले. चेंज म्हणून. जाताना बावीस कुंड्या माझ्यावर सोपवल्यात. कायमचं जाणारं माणूस कुंड्या ठेवून जात नाही.

८ मार्च.
तीनशे विटा पाडल्या. लॅबवाल्या बाईंनी एक कच्ची वीट पाण्यात ठेवून टेस्ट केली. पाणी स्वच्छ. रिपोर्ट फ्रेम करून घ्यावा का?
नाकातून रक्त. ऊन फार आहे.

१२ मार्च.
विटा भाजल्या. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, आता पुन्हा टेस्ट करा. चुना आणि भट्टीतली गरम हवा मिळून हिरव्याचं परत पिवळं होऊ शकतं. काहीतरी खुसपट काढायचं म्हणून काढतात. वीट तीच, फक्त भाजलेली. बाईंना इथे दोन वर्षं झाली, मला एकोणीस. हसून सोडून दिलं.

हिला फोन. विटांबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की नाक दाखवलं का. मी विषय बदलला. एकूण तिला विटांमध्ये इंटरेस्ट वाटला.

१६ मार्च. रविवार.
साहेब म्हणाले, आधी कुठेतरी लावून दाखवा. सगळ्या विटा घरी आणल्या आणि मागच्या अंगणात कुंड्यांसाठी तीन पायऱ्यांचा ओटा बांधला. स्वतःच्या हाताने. हिला केव्हापासून हवा होता. दरवर्षी मागायची, दरवर्षी मी हो म्हणायचो. हे काम सोडतो, हेही दरवर्षी म्हणायचो, पण तो विषय वेगळा.

कंबर धरली आहे. तिने ओटा पाहिला की सगळं वसूल.

२३ मार्च.
पाणी घातलं की ओट्याखालून पिवळसर ओघळ येतो. मातीचा रंग असणार. खालच्या पायरीवरचा पुदिना मलूल. खत कमी पडलं.

२९ मार्च.
ही उद्या येते आहे! कपडे न्यायला, असं म्हणाली, पण ते निमित्त. चादर बदलली. रुमाल भिजवले. पिवळे डाग जात नाहीत, हिच्याकडे काहीतरी युक्ती असावी. ओघळ ब्रशने घासून काढला. पाणी घातल्यावर परत आला.
पुन्हा रक्त. ऊन.

३० मार्च. संध्याकाळी.
आली. ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. वरच्या पायरीवरून हात फिरवला. सुरेख बांधलाय, म्हणाली. मला चेव आला, मी बावीसही कुंड्यांना पाणी घातलं.

ओघळ आला. ही खाली वाकली, पर्समधला पांढरा रुमाल त्यात टेकवला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, हा रंग मी ओळखते, अकरा वर्षं तुमच्या कपड्यांतून हाच धुतेय. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही काहीतरी बोललो असतो.

मेहुणी टेम्पो घेऊन आली. एकवीस कुंड्या गेल्या. पुदिना मेला होता, तो राहिला. जाताना हिने हातात चिठ्ठी दिली, नाकाच्या डॉक्टरांची. गुरुवारची वेळ, माझं नाव तिनेच नोंदवलेलं. मी विचारलं, सोबत येशील ना? आता नाही जमायचं, म्हणाली.

रडलो. त्याला ऊन कारण नाही.

१ एप्रिल.
सकाळी ओट्यातली एक वीट काढून स्वतः लॅबमध्ये नेली. बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. पाणी पिवळं, विषारी. साहेबांनी घरी माणसं पाठवली, मास्क आणि हातमोजे घालून आलेली. त्यांनी ओटा फोडला, विटा आणि खालची माती पिंपांत भरून सील केली. पुदिनाही नेला. दुपारपर्यंत अंगण मोकळं.

मी म्हणत राहिलो सगळं हिरवं आहे, आणि ती पिवळं धूत राहिली. हे तिला सांगायला हवं होतं. फोन लावला, उचलला नाही.

गुरुवारी नाक दाखवायचं. नक्की.

संध्याकाळी सवयीने झारी भरली. अंगणात गेल्यावर आठवलं. परत आणून मोरीत ओतली.