तिसऱ्या पानावरचा अंगठा

प्रिय नायादेत,

खासदार झालीस आणि आजीला वाचता येत नाही हेच विसरलीस! नाहीतर पाच पानी भाषण पाठवून ‘वाचून कळव’ असं कुणी लिहितं का? शेजारच्या एदुविनाने वाचून दाखवलं. ‘माननीय’ आलं की ती खुर्चीत ताठ बसायची. हे पत्रही तीच लिहिते आहे. एदुविना, हसू नकोस, तेही लिही.

भाषण झकास आहे. अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे, असा कायदा गुरुवारी मांडणार, आणि कोण? आपल्या चिलोए बेटावरची पोर! पहिल्या अशिलाने फी म्हणून मेंढी दिली, तर तू ती काळा कोट घालून बसमधून घरी आणलीस. तेव्हाच म्हटलं, ही लाजणार नाही कुणाला. माझ्यावर गेलेली नाही.

घर ओढलं तो दिवस आठवतो? सात वर्षांची होतीस. जमीन गेली, पण घर आपलं होतं. सारा गाव आला, घराखाली ओंडके घातले, बैलांच्या आठ जोड्या जुंपल्या, आणि आपलं घर किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागलं. तू किंचाळत होतीस, ‘मांजर आत राहिलं!’ मग खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेले शिंपले, मांस, बटाटे, सगळ्यांना जेवण. जेवताना लोक आजोबांच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, ‘बाउदिलियो, पुढच्या खेपेला शुद्धीत असताना सही कर हं!’ ते हसले. मी भांडी घासत राहिले.

तेच तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस. दारूने हात थरथरत होता, म्हणून सहीऐवजी अंगठा घेतला आणि आजोबांना फसवलं. अगं वकीलबाई, सफरचंदाच्या दारूचा एक पेला दोन दिवस पुरवणारा माणूस तो! त्यांचा हात थरथरताना तू कधी पाहिलास?

अंगठा माझा होता. ते मासे धरायला गेले होते. कोटवाला माणूस आला, म्हणाला, सरपण तोडायची परवानगी आहे, नवऱ्याच्या नावाखाली तुम्ही दिलात तरी चालेल. ‘वाचून दाखवा’ म्हणायची मला लाज वाटली. कागद धरून पाद्रीबाबांसारखी डावीकडून उजवीकडे मान फिरवली, आणि अंगठा दिला. तो निघाला जमीन विकल्याचा कागद. आजोबांनी ते आपल्या अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत उतरवलं नाही. दुसऱ्याने दिलेला अंगठा रद्द ठरतो, हे मला आत्ता तुझ्या भाषणातून कळतंय. त्यावर काय रागवायचं ते भेटशील तेव्हा रागव. पण गुरुवारी त्यांना दारुडा म्हणू नकोस. माझं नाव घे, आडनावासकट. मी नवी शाल पांघरून एदुविनाच्या रेडिओपाशी बसणार आहे, आणि सगळ्या गावाला बोलावलंय.

तुझीच,
क्लोरिंदा आजी

(खाली अंगठा आहे. एदुविनाने आधी सगळं दोनदा वाचून दाखवलं.)

ता. क. तिकडचे अवोकाडो पाठव, डझनभर. कडकच पाठव, मागच्या वेळी बसमध्येच त्यांची चटणी झाली. पिकले की नाही ते मी अंगठ्याने दाबून बघेन.