कोरडवाहू सरी

२२ जून, होसूर
पाच नंबरच्या पॉलीहाऊसला छाटणी. दिवसभर लाल गुलाब, डोळे मिटले तरी लालच. दुपारी वहिनीचा फोन. पोरांची, मयुरी आणि सार्थकची, नावं शाळेतून काढली. खरंच काढली! मला वाटलं होतं रागात बोलते.
सार्थक नववीला गेला तरी त्याला दोन ओळींचा इंग्रजी अर्ज येईना. मार्क मात्र चांगले. "न येता मार्क येतात कुठून?" असं तिथं विचारून आली म्हणे. आता दोघं घरीच शिकणार, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसणार. शिकवणार वहिनीच. बारावी शिकलेली. सकाळी टोमॅटोचं वावर, दुपारी पोरं.
दादा म्हणाला, "पोळ्यापर्यंत बघतो. नाय जमलं तर दोघं परत शाळेत."
गावात हसू राहिलेत. हसू दे.

२५ जून
बाकी विषय पाठ्यपुस्तकावर निघतील म्हणते वहिनी. अडलंय इंग्रजी व्याकरण. कुठलं पुस्तक धरायचं? घरात दोन. एक पिवळं, तिचंच बारावीचं, नियमच नियम. दुसरी झेरॉक्स, कळवणला तिला शिकवायला सर होते त्यांच्या हाताने लिहिलेल्या वहीची. शेवटची पानं गायब.
मी मोबाईलवर तिसरं शोधलं. रंगीत, चित्रं, सोबत ऐकायचं पण. तीन वर्षांचा आख्खा सेट. मागवला, घरचा, गिरणाऱ्याचा पत्ता टाकला. कोणाला विचारलं नाही. खूश होतील.

२ जुलै
खूश नाही झाली.
"योगेश, उघडून तरी बघितलं होतं का रे?"
"फोटो बघितले."
"तुझ्या दादानं नुसता पाकिटावरचा फोटो बघून सगळं वावर एकाच वाणाचं लावलं तर काय म्हणशील?"
"येडा झाला म्हणेल."
"मग?"
नवीन वाण आला की आपल्याकडं आधी कडेच्या दोन सऱ्या लावून बघतात, हे मीच विसरलो. फुलं मोजता मोजता शेतकरी राहिलो नाही वाटतं.

४ जुलै
वहिनीनं डोकं लावलंय. तीन पुस्तकं, प्रत्येकाला पंधरा दिवस. सुरुवातीचे दोन धडे, शेवटी स्वतःच्या मनाची वीस वाक्यं. पिवळं, मग रंगीत, मग झेरॉक्स. चुका ती वहीत लिहिणार. असं कोणी पुस्तक निवडतं का? आमची वहिनी निवडते.
आणि मी पण करायचं! फोटो काढून पाठवायचं.
"मी कशाला? मी आठवीतून पळालेला माणूस."
"म्हणूनच. पोरांना मी रोज पाणी घालते, त्यांचं पीक बरं दिसणारच. तुझ्याजवळ तिथं शिकवायला कोणी नाय. तू कोरडवाहू सरी. तुझ्यात जे उगवेल ते त्या पुस्तकाचं स्वतःचं."
दहा मिनिटं हसत होतो. मग लक्षात आलं, ती अजिबात हसत नव्हती. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा ती लग्न होऊन आली. माझा कशाला तरी उपयोग होईल असं तेव्हापासून एकटीलाच वाटतं तिला.

११ जुलै
पिवळं. वहिनीनं पानांचे फोटो पाठवलेत. तीन पानं झाली. झोप. चौथ्या पानावर पण झोप.

१९ जुलै
पिवळं संपलं. वीस वाक्यांत माझ्या अकरा चुका. सार्थकच्या सहा, मयुरीच्या पाच. मयुरी म्हणाली, "काका, तुम्ही आमच्यापेक्षा ढ!" मागून वहिनी, "ढ नाय गं, कोरडा हाय." दोघी खिदळल्या.
मी पण.

२४ जुलै
आता रंगीत. माझंवालं. इथल्या दुकानात पहिला भाग मिळाला. पोरांना आवडलं, सार्थक कानाला लावून बसतो म्हणे. मला मात्र... समजावलंय पण इंग्रजीतच. ज्याला येत नाही त्याला त्यातच सांगायचं? पण पुस्तक मी घेतलेलं. ते पडायला नको.

३ ऑगस्ट
वाक्यं पाठवली. एकही चूक नसणार.
पॅकिंगमध्ये शालिनी मॅडम आहेत, दांड्याच्या लांबीवरून फुलं वेगळी करायचं, म्हणजे ग्रेडिंगचं काम बघतात, इंग्रजी फाडफाड. जेवणाच्या सुट्टीत त्यांना दाखवली. त्यांनी नीट केली. थोडीच.

५ ऑगस्ट
वहिनी लय खूश. "अरे, वीसच्या वीस! मग रंगीतच घेऊ. झेरॉक्स कशाला बघायची, वेळ वाचंल. दादाला आज सांगते."
हो म्हटलं.
नंतर ग्रेडिंगला उभा, फुलांऐवजी चुका मोजत होतो. पोरांच्या चार-पाच चुका आहेत, शिकवून. माझी शून्य. त्या शून्यावर ती दोन पोरांचं वर्ष लावतेय.

६ ऑगस्ट
सांगणारच होतो. तिचाच फोन आला.
"या सरीला चोरून पाणी घातलंस ना?"
मी मोबाईल घेऊन बाहेर आलो.
"सातव्या वाक्यात खोडून वर लिहिलंय. ते अक्षर तुझं नाय. तुला बाराखडी मी गिरवायला लावलीये योगेश, तुझं अक्षर मला अंधारात कळेल."
सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला पुस्तक जिंकवायचं होतं. मला पोरं जिंकवायचीत. पोळ्याला किती दिवस राहिले, मोज." ठेवला.

७ ऑगस्ट
स्वतःच फोन केला. म्हटलं, रंगीतचेच पुढचे दोन धडे करतो, नवी वाक्यं लिहितो, पाच दिवसांत. दार लावून, एकट्यानं. फक्त "बघू" म्हणाली.

१२ ऑगस्ट
केले. विसात तेरा चुका. पाठवताना कान गरम झाले.
तिचा मेसेज: "हे खरं पीक." खाली एक टोमॅटो.
दहा वेळा बघितला तो टोमॅटो.

१६ ऑगस्ट
झेरॉक्स. वहिनी रोज सकाळी फोटो पाठवते. एका पानावर एकच गोष्ट, मराठीत समजावलेली, जसं कोणी बांधावर बसून सांगावं. आणि प्रत्येक पानाखाली सरांचं तेच: आता हे तुझ्या घरातल्या माणसावर लिही.
मी वहिनीवर लिहिलं. सकाळी कोणाआधी उठते, टोमॅटोचं भरलेलं कॅरेट कसं उचलते, पोरांची वही कशी लांब धरून वाचते कारण चष्मा बदललेला नाही. ग्रेडिंगला उभा राहून पण डोक्यात वाक्यं जुळवत होतो. सुपरवायझर म्हणाला, क्या बड़बड़ा रहा है.

२४ ऑगस्ट
विसात सहा चुका! कोरडवाहूत!
मयुरीच्या दोन, सार्थकच्या तीन. पोरांनी कोणावर लिहिलं विचारलं तर सांगेनात. दादावर असणार.

२७ ऑगस्ट
ठरलं. झेरॉक्स धरायची. सरावाला पिवळं, कानाला लावायला रंगीत. म्हणजे माझा सेट अगदीच फुकट नाही गेला. वहिनी म्हणाली, "आंतरपीक." 
पण शेवटची पानं? एसटीनं पोरांना घेऊन कळवणला गेली. सर आहेत अजून, लय थकलेत. मूळ वहीच काढून दिली. विचारलं म्हणे, "किती पोरांना शिकवतेस?"
"तीन. दोन माझी, एक दीर."
हे मला मयुरीनं सांगितलं. वहिनी नाही बोलली.

२ सप्टेंबर, पोळा
इथं काहीच नाही. घरून व्हिडिओ, बैल रंगवलेले. पूजा झाल्यावर दादानं सगळ्यांसमोर फवारणीच्या औषधाची बाटली मयुरीपुढं धरली. "हे बारीक इंग्रजी काय म्हणतं?" वाचलं तिनं, अर्थ पण सांगितला. एक शब्द अडला, सार्थकनं पुरवला. मग सार्थकला कागद दिला, लिही अर्ज, कोणालाही लिही. त्यानं दादालाच लिहिला. आम्हाला घरी शिकू द्यावे म्हणून. दादाला वाचता येईना. वहिनीनं वाचून दाखवला. 
दादा बैलाच्या पाठीवरची झूल शिंगालाच बांधायला लागला. झूल शिंगाला नसतेच. मग म्हणाला, "फॉर्म आणा."

५ सप्टेंबर
वहिनीनं तीन आणले.
मयुरी, सार्थक. तिसऱ्यावर माझं नाव पेन्सिलीनं. फोटो आला, खाली काहीच लिहिलेलं नाही.
फोन केला. "मी इथं हजारेक किलोमीटर लांब, वहिनी."
"परीक्षेला ये. अभ्यास तिथं होतोच हाय."
शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मी कधी आणलाच नाही, पळून गेलेला माणूस दाखला मागायला जातो का? दादा म्हणतो, "मी नाय आणणार. पळाला तो, त्यानंच जायचं." 
तेरा वर्षं झाली, शाळेच्या फाटकासमोरून गेलो तरी मान वळवून जातो.

६ सप्टेंबर
दाखला आणायला रजा मागायची तर अर्ज इंग्रजीत द्यावा लागतो. मागच्या वेळी दुसऱ्याकडून लिहून घेतला होता. शालिनी मॅडम म्हणाल्या, "मैं लिख दूँ? दो मिनट का काम है।"
नको म्हटलं.
जेवणाची सुट्टी संपत आली. कागदावर तारीख लिहिली, सुपरवायझरचं नाव लिहिलं. पहिलं वाक्य दोनदा खोडलं. खोडलेलं अक्षर माझंच आहे.