काळी करंगळी

नाशिक
२८ जानेवारी २००३

प्रिय धनराज,

तुला आवडणार नाही असं पत्र लिहायला बसले आहे. आधी रोजनिशीत नुसतं चिडून खरडलं. आज जरा नीट लिहिता येईल असं वाटतं. किळस मात्र गेलेली नाही, आणि ती मी लपवणारही नाही.

तू सांगितलंस म्हणून दिंडोरीला गेले. तुझ्या अहवालात कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं साध्या भाषेत लिहावं, ही तुझी इच्छा. मला आनंदच झाला होता. भाऊबीजेला चिवडा खाता खाता तू समजावलंस ते मला पटलं होतं. पोलिओचा डोस पाजा म्हणून भोंग्यावर ओरडल्यानं कुणी येत नाही, शेजारचा काय करतो ते बघून माणूस येतो. म्हणून डोस पाजल्यावर मुलाच्या करंगळीला लावतात ती शाईच मानाची करायची. बागायतदारांनी द्राक्षकाढणीला मजूर घेताना मुलांची करंगळी बघायची. काळी असेल त्या घराला काम आधी. दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर गेलेला माझा भाऊ इतकं सोपं बोलतो, याचं मला कोण कौतुक वाटलं. कॉलेजात स्टाफरूममध्येही सांगून झालं माझं.

पॅकिंगच्या शेडवर पोचले तेव्हा रिकाम्या खोक्यांत बसून पोरं खेळत होती. सगळ्यांच्या करंगळ्या काळ्या. मी मनात तुझी पाठ थोपटली. मग झोळीतली एक तान्ही दिसली. तिची करंगळी तळव्यापर्यंत काळी होती, आणि ती तेच बोट चोखत होती. ओठ काळे, जीभ काळी. डोसाचा रविवार होऊन तीन आठवडे झाले. ती शाई एव्हाना फिकट व्हायला हवी होती.

मुकादम दत्तूला विचारलं. त्याला लपवावंसंही वाटलं नाही. खोक्यांवर नंबर टाकायचा मार्कर त्याच्या कानावरच होता. पेठ तालुक्यातून मजुरांचा टेंपो निघाला तो नेमका डोसाच्या रविवारी; पोरं ना तिथल्या केंद्रावर गेली, ना इथल्या. मग काय माघारी धाडायचं, असं तो मलाच विचारत होता. वर म्हणाला, "ताई, पोरं बोटासकट आणलीत, अजून काय पायजे?" शेडमधल्या बाया हसल्या. मीही हसले, हेही लिहायला हवं.

नंतर त्या तान्हीची आई, सुलाबाई, मला नळापाशी गाठून हळूच बोलली. तिच्या चुलतभावाचा मुलगा पाय ओढत चालतो. डोस कशासाठी असतो ते तिला कुणी शिकवायला नको. "आमी डोसाला नाय म्हनलोच नव्हतो, बाई. कुनी इचारलंच नाय. बोट तेवढं बघितलं." आता गुपचूप देता येईल का, असं तिचं म्हणणं. काळ्या बोटाचं मूल पुढे करून डोस मागितला, तर आधीचं खोटं उघडं पडणार आणि काम जाणार. पुढचा डोस नऊ फेब्रुवारीला आहे. काढणी तेव्हा ऐन भरात असेल, म्हणून दत्तूनं नवा मार्कर आत्ताच आणून ठेवला आहे.

घरी येऊन तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि हसलास. "म्हणजे बघ ताई, मागणी किती वाढलीय. लोक खूण नकली करायला लागले." आणि तेवढा भाग अहवालात नको, म्हणालास. तेव्हापासून मी स्वतःला तपासते आहे. केंद्रावरचे डॉक्टर म्हणतात, तुझ्या युक्तीनं यंदा गावातली जास्त मुलं खरोखरच आली. ते तुझं श्रेय, ते मी नाकारत नाही. मग त्या चार झोळ्यांसाठी मी उगाच आकांत करते आहे का? असेनही. पण ती काळी जीभ डोळ्यांपुढे आली की तुझ्या हसण्याची शिसारी येते. ज्या बायकांना डोस हवाच होता, त्यांना तू खोटं बोलायला लावलंस, आणि त्याला तू यश म्हणतोस.

तो भाग मी लिहिला आहे, कुणाचंही नाव न घालता. ठेव नाहीतर काढ. पत्र त्यासाठी नाही. मी बागायतदारांकडे जाऊन आले. दिल्लीच्या साहेबांनी, म्हणजे तू, सांगितलंय, एवढंच ते म्हणतात. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. त्यांना तू फोन कर, नऊ तारखेच्या आत. बोट बघून काम द्यायचं नाही, आणि डोसाची पेटी शेडवर येऊ द्यायची, एवढंच सांग. डॉक्टर पेटी घेऊन यायला तयार आहेत, मी त्यांच्याबरोबर असेन. तू बोलला नाहीस तर बाया मुलं पुढे करणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. आई तुझ्या सत्काराला नेसायची म्हणून जांभळी पैठणी काढून बसली आहे. तिला मी अजून काही बोललेले नाही. दहा तारखेला सांगेन, जे झालं असेल ते.

तुझीच, आणि अजून तरी तुझ्याच बाजूची,
सरिताताई