शहर पसंत आहे

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघा कुरकुरतो, म्हणून मनातल्या मनात घातला आहे). तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला, की तुझ्याशी बोलणं टाळायला त्या अजून खोकतात? आम्ही मजेत. निकाल फोनवर कळवलाच होता, पण लेखी कळवण्यात वेगळी मजा आहे: वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बारावी पास झाले. आणि बारावी झालेली मुलं करतात तेच आता मीही करणार आहे, म्हणजे घर सोडून शिकायला जाणार आहे. चष्मे बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लेकीनं फोनवर विचारलं, "आई, तिकडे एकटीला करमेल ना तुला?" (चार वर्षांपूर्वी तिला होस्टेलला सोडताना मी हेच विचारत होते. तिला तेव्हा किती राग आला असेल ते आत्ता कळलं.)

हा अभ्यासक्रम तीन शहरांत आहे. आमच्या ह्यांचा जन्म लोकांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात गेला, त्यामुळे माप घेतल्याशिवाय ते काहीच ठरवत नाहीत. म्हणाले, "आधी शहरं बघू, मग बोलू." झालं, काचांच्या टेम्पोत बसून निघालो. मागे ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'काच आहे, अंतर ठेवा'.

पहिलं शहर समुद्रकाठचं. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी ह्यांना विचारलं, "मुलगी कुठाय?" हे म्हणाले, "ही काय." बाईंनी माझ्या पाठीमागे वाकून बघितलं. शेवटी मी गुणपत्रिका काढली, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. तिघींच्या खोलीत एकच जागा उरली होती, दुमजली खाटेवरची वरची. "चढून बघा," बाई म्हणाल्या. चढले. दादा, चढायचं काही नाही रे, चढताना पाय दिसतात. उतरताना मात्र पाय कुठे गेले ते कळेना. खालच्या दोघी मुलींनी खुर्ची लावली, एकीनं घोटा धरला. पुरुषांना आत परवानगी नसल्यामुळे हे दिवाणखान्यातूनच ओरडून सूचना देत होते, "तिरकी धरा! कड सांभाळा!" (वीस वर्षं काचाच उतरवल्यात, त्याला ते तरी काय करणार.) एक मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. मग मलाही हसू आवरेना, आणि खाली यायला आणखी दहा मिनिटं लागली. मुली गोड होत्या, "काकू, याच तुम्ही" म्हणाल्या. पण दोन वर्षं रोज सकाळी मला उतरवायचं म्हणजे त्यांचा अभ्यास बुडाला असता.

दुसरं शहर तुझं. आता रागावू नकोस. तिथल्या मोठ्या चौकात शिरलो आणि बाहेर पडायचा रस्ताच मिळेना. जो घ्यावा तो एकेरी. तिसऱ्या फेरीला वाहतूक पोलीस मान डोलवून ओळख द्यायला लागला. पाचव्या फेरीला त्यानं थांबवून विचारलं, "काकू, काही शोधताय, की चौक आवडलाय?" एकदाचे सुटलो, पण कॉलेज काही सापडलं नाही, मग तुझं घर तरी कुठून सापडणार? म्हणून येणं झालं नाही.

तिसरं शहर लहान, टेकडीवर वसलेलं, अर्धे रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या. तिथल्या सरांनी ना वय विचारलं, ना निकाल. एक काच हातात दिली, फिरत्या चाकापाशी बसवलं आणि म्हणाले, "या खुणेपर्यंत कड घासा. खुणेवर थांबा." वीस वर्षं मी पडदे शिवलेत, काजं केलीत. थांबायचं कुठे ते माझ्या बोटांना कळतं. सरांनी काच उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केली. तर म्हणाले, "सोमवारपासून या." मी म्हटलं, वर्ग तर दोन महिन्यांनी सुरू होणार आहेत. "मग वाट बघतो," ते म्हणाले.

बाहेर आले ती विश्वास न बसून नुसती मान हलवतच. ह्यांना वाटलं, नाही म्हणाले. "गेले उडत," हे माझी समजूत काढायला लागले, "आपण चौथं शहर बघू." (चौथं नाहीच!) खरं काय ते सांगितल्यावर मात्र तिथेच पायरीवर बसले आणि बराच वेळ टोपीनं वारा घेत राहिले.

खोलीही मिळाली, एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. खाट जमिनीला धरून आहे. खिडकीला तेवढी काच नाही, पुठ्ठा लावलाय. बाई ओशाळल्या, पण ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. टेप आणून माप घेतलं, डाव्या हातात टेप म्हणून माझ्याकडून उजव्या तळहातावर लिहून घेतलं आणि ते पुसू नये म्हणून घरी येईपर्यंत डाव्या हातानं जेवले.

तेव्हा शहर पसंत आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
पहिल्याच झटक्यात पास झालेली बहीण

ता. क. चौकाचं सगळं खरं आहे, पण घर सापडलं नाही हे खोटं. तुझ्या फाटकासमोर आम्ही पाव तास उभे होतो. तू ओसरीवर सायकलचं पंक्चर काढत होतास आणि ट्यूबला शिव्या देत होतास. मी टेम्पोतून उतरले नाही, कारण जे मागायचं होतं ते समोरासमोर मागता आलं नसतं.

आणखी एक ता. क. सोबत प्रवेशाचा अर्ज आहे. 'पालकाची सही' अशी एक जागा रिकामी ठेवली आहे. नवऱ्याची चालते, कारकुनानं तसं सांगितलंय, आणि हे पेन घेऊन तयारच होते. मीच थांबवलं. मला तुझी हवी आहे. राग कसलाच नाही रे. बाबा गेले तेव्हा तू जेमतेम एकवीस वर्षांचा होतास, चार माणसांचं घर तुझ्या अंगावर पडलं होतं. फक्त या वेळी सही करण्याआधी अर्ज वाच. माझं नाव शाळेतून काढलंस, तेव्हा न वाचताच सही केली होतीस. त्या कागदाच्या तळाशी माझ्या वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'मुलगी हुशार आहे, जमल्यास थांबवू नये.'