नायिका शेवटी बरी झाली पाहिजे

३ मार्च
प्रकाशकाचा फोन. भूगोलाची गाइडं आता कुणी घेत नाही म्हणे, मुलं उत्तरं मोबाइलवर बघतात. आयुष्यभर नद्या आणि पर्वत मुखोद्गत केले त्याचं हे फळ. पण लगेच दुसरं काम दिलं. टीनएज प्रेमकथा. नायिकेचं मन आजारी, नायक भेटतो, हीलिंग होतं. अट एकच. शेवटी ती बरी झाली पाहिजे, नाहीतर आया पुस्तक घरात येऊ देत नाहीत.
हो म्हटलं. मला तयारी करायला नको. सोळा वर्षांची मुलगी घरातच आहे. बाहेर पडतच नाही, त्यामुळे मटेरियल कायम हाताशी.
संकल्प : रोज पहाटे उठून हजार शब्द.

४ मार्च
साडेनऊला जाग आली. टेबल खिडकीपाशी नेलं. मग ऊन येतं म्हणून परत आणलं. लेखन नाही, पण गाइडच्या सवयीने आराखडा झटक्यात तयार. नायिकेची उदासी : कारणे द्या (कोणतीही दोन). परीक्षेतले मार्क आणि सावत्र आई. सुटला प्रश्न.
टकळीला दाराबाहेरून विचारलं, उदास मुलीला सकाळी उठल्यावर कसं वाटत असेल? माहीत नाही म्हणाली. लहानपणी तिचं तोंड मिटायचं नाही, म्हणून टकळी. आता 'बरं', 'नको', 'माहीत नाही' एवढ्यावर भागवते. वयच तसं. आमची ही म्हणते, थंडी सुरू झाल्यापासून पोरगी कॉलेजला गेलेली नाही, तुम्हाला दिसत नाही का? म्हटलं, मग अभ्यासाला वेळ मिळत असेल. यावर ही उठून आत गेली. पटलं असावं.

९ मार्च
प्रकरण पहिलं हातावेगळं. नायिका खिडकीत बसून स्वतःच्या दुःखाविषयी सलग दोन पानं बोलते. लिहिताना माझे डोळे भरून आले. हिला वाचून दाखवलं, हिचे आले नाहीत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून डोळे कोरडे पडत असतील.
पानं टकळीच्या दाराखालून आत सरकवली. संध्याकाळी परत आली. वर पेन्सिलीने लिहिलेलं : हिला एवढं बोलता येतंय म्हणजे ही ठीकच आहे.
साहित्याची जाण नाही. पण वाचलं तर खरं. प्रगती आहे.

१२ मार्च
नायक ठरला. माउथ ऑर्गन वाजवतो. तिच्या खिडकीखाली रोज उभा राहतो. ही म्हणाली, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील. प्रतिभेला घरूनच सुरुंग.
शब्द : शंभराच्या आसपास. पेन नीट चालत नाही.

१७ मार्च
उद्या समुपदेशक बाईंची अपॉइंटमेंट. हिने किती फोन करून मिळवलीये कोण जाणे, तिकडे लांबलचक रांग आहे. दुकानात उद्या स्टॉक मोजायचा असल्याने हिला रजा नाही. मी नेतो म्हटलं. नाहीतरी रिसर्च बाकीच होता.
टकळी चक्क हो म्हणाली. संध्याकाळी स्वतःहून केस धुतले. ते बघून ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. केस धुतले तर त्यात रडायचं काय? बायकांचं मन हा पुढच्या कादंबरीचा विषय.

१८ मार्च
अत्यंत यशस्वी भेट. बाई म्हणाल्या, आधी वडिलांशी पाच मिनिटं बोलते. टकळी बाहेर बसली. मी कथानक सांगायला घेतलं. बाईंनी कान देऊन ऐकलं. जेवते का, झोपते का, कुणाशी बोलते का, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली आहे का, एकेक विचारून लिहून घेत होत्या. मी प्रकरणवार उत्तरं दिली. असा श्रोता मला घरात मिळालेला नाही.
माउथ ऑर्गनपाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, हे सगळं बाहेर बसलेल्या मुलीबद्दलच ना? म्हटलं, छे छे, कादंबरी.
तोवर आमची वेळ संपून पुढचा पेशंट दारात. बाई पाणी प्यायल्या. आता थेट २४ एप्रिल.
टकळीला म्हटलं, पुढच्या वेळी तू बोल हं. बरं म्हणाली. ना आदळआपट, ना रुसवा. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली. शहाणी आहे.

२० मार्च
ही माझ्याशी बोलत नाही. आता घरात दोघी बोलत नाहीत. लेखनाला याहून चांगलं वातावरण नाही.
शब्द : शून्य.

११ एप्रिल
प्रकाशकाची घाई. नायिका आजारीच पडून राहिली होती, तिला एका परिच्छेदात बरी केली. नायक माउथ ऑर्गन वाजवतो, ती पडदा बाजूला सारते. पडदा हे प्रतीक.
टकळीच्या खोलीचा पडदा आज ओढलेला. कालही होता.

२४ एप्रिल
हिने रजा काढली. टकळी बाहेर आली नाही. ही खांद्याला पर्स लावून तिच्या दाराशी बसून राहिली. आधी समजूत घातली, मग रागावली, मग नुसतीच बसली. बाईंची वेळ टळून गेली तरी पर्स खांद्यालाच. मी म्हटलं, पुढची तारीख घेऊ. हिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे गेलो.
लिहायला काही उरलेलं नव्हतं.

२९ एप्रिल
प्रकाशकाचा फोन. बाकी सगळं चालेल, म्हणाला, शेवटचं वाक्य बदला. नायक विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. हे पटत नाही. म्हटलं, अहो, मुली असंच बोलतात, माझ्या घरात आहे एक. तो म्हणाला, मग तिलाच विचारून बघा.
दारावर टकटक केली. म्हटलं, टकळे, कशी आहेस?
आतून आवाज, बरी आहे.
खरंच पटत नाही.