अकरा ओळींचा कागद

१९ नोव्हेंबर

आदरणीय मास्तर,

नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतोय? आमच्याकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. तिला आता लख्ख दिसतं, त्यामुळे कपाटावरची धूळही दिसते आणि रोज माझा उद्धार होतो.

धाकटा भाऊ सोमवारपासून परत कामावर येतोय. तसा त्याने तुम्हाला फोन केला होता, पण "येतो, आठ वाजता" एवढं बोलून ठेवूनही दिला. म्हणून बाकीचं मी लिहिते. पत्र त्याच्याच हाती देतेय, कारण तुमच्यासमोर उभं राहून हे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही जूनमध्ये फोन केला होतात. "ताई, पोराचं काहीतरी बिनसलंय. पुस्तकांचे फर्मे उलटसुलट लावतोय. आणि महिना झाला, त्याच्या लाडक्या लिफ्टबद्दल एक शब्द नाही." मी काय उत्तर दिलं ते तुमच्या लक्षात असेल. "तो ऑटिस्टिक आहे, त्याचं असंच असतं. घरातलं आम्ही बघतो, तुम्ही तुमचे पुठ्ठे बघा." वर फोन आपटला.

तरीही तुम्ही त्याच्या डब्याच्या पिशवीत तो कागद घालून पाठवलात. एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'आता', अशा अकरा ओळी. आधी सरसाचा ब्रश स्वतः धुवायचा, आता तसाच टाकून जातो. आधी दुपारी पूर्ण डबा खायचा, आता झाकणही उघडत नाही. मी तो वाचला, घडी घातली आणि खणात टाकला.

ऑगस्टमध्ये त्याने अंथरूण धरलं. आंघोळ नाही, बोलणं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "उदास वाटतं का?" तो म्हणाला, "नाही." चेहऱ्यावर तर काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "ऑटिझममध्ये असं चालायचंच." दहा मिनिटांत आम्ही बाहेर. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं.

पण घरी आल्यावर तो दोन दिवस नुसतं पाणी पिऊन राहिला, तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी खण उपसला. तुमचा कागद घेऊन एका मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण घाई म्हणून नाही. त्याने डोळे मिटलेले पाहून त्यांनी आधी ट्यूबलाइट बंद केली. प्रश्न कागदावर लिहून दिले आणि उत्तराची वाट पाहिली. मी मध्ये तोंड घातलं की हाताने थांबवायच्या.

"उदास"बद्दल त्यांनी विचारलंच नाही. झोप किती वाजता मोडते, छातीत काय होतं, लिफ्टची वही शेवटची कधी उघडली, असं विचारलं. तो एकेक सांगत गेला. पहाटे साडेतीनला जाग. छातीत दगड. वही एप्रिलपासून बंद. एप्रिलमध्येच तुमच्याकडे ते नवीन कटिंग मशीन आलं आणि त्याचं टेबल त्या मशीनशेजारी गेलं. त्या आवाजात तो दिवसभर दात आवळून बसायचा, आणि घरी येऊन गप्प पडायचा.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "जगू नये असं कधी वाटतं का?"

"हो. तेरा आठवडे झाले."

मी ओरडलेच, "अरे, मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "कोणी विचारलं नाही."

मास्तर, त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकं सरळ.

बाई मला म्हणाल्या, "ऑटिझम जन्मापासूनचा आहे. हे दुखणं या वर्षीचं आहे. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका. याला नैराश्य आलंय, आणि ते बरं होतं." त्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून औषध सुरू करवलं, सुरुवातीला अगदी थोडं. पुन्हा तसं वाटलं तर कुणाला सांगायचं, ती नावं त्याच्याकडूनच लिहून घेतली. पहिलं नाव तुमचं आहे. माझं तिसरं.

आम्ही निघताना त्यांनी तुमचा कागद उचलला. "यामुळे माझं काम अर्धं झालं. कोणी लिहिलंय हे?"

मी म्हणाले, "मी."

का म्हणाले, देव जाणे. शरमेने असेल. धाकटा लगेच म्हणाला, "ताईचं अक्षर असं नाही. मास्तरांनी लिहिलंय. ताईने खणात टाकलं होतं."

बाईंनी कागदाची नीट घडी घातली आणि तो फाइलमध्ये ठेवला. तेच जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तो गप्प झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तीस वर्षं लिफ्टचे दोर आणि मोटारी ऐकून कान किटले होते. घर शांत झालं आणि मी म्हटलं, चला, शहाणा झाला. तुम्हाला त्याच शांततेची धास्ती वाटली, आणि मी मात्र तिच्यात पाय पसरून चहा पीत बसले.

आता तो पुष्कळ बरा आहे. पूर्ण नाही, हे बाईंनी बजावलंय. पण जेवतो. परवा आईला लिफ्टचा ब्रेक कसा लागतो ते पंचवीस मिनिटं समजावत होता आणि तिचा घास हातातच राहिला. तुम्ही त्याचं टेबल परत खिडकीपाशी नेलंत, हे कळल्यावर त्याने स्वतःहून दाढी केली. तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानू?

इथवरचं पत्र वाचून बघ म्हणून त्याच्या हाती दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सगळं लिहिलंयस. माफी मागितलेली नाहीस."

मास्तर, मला माफ करा.

तुमच्यामुळे अजूनही कुणाची तरी ताई असलेली,
मी